चार ओळी लिहून आणा

पनवेलच्या लाइन आळीत एका हार्डवेअरवाल्याचं घर आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात खिळे, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, रंगाचे डबे आणि गल्ल्याशेजारी बिलं करायचा एक जुना कॉम्प्युटर. एका पावसाळ्यात दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, की घरातली नववीतली मुलगी आणि तिच्या दोघी-तिघी मैत्रिणी त्या कॉम्प्युटरवर लघुग्रह शोधायला बसायच्या.

पावसाळ्यात आकाश दिसतं कुठे, असं कोणीही विचारील. श्रावणात प्रबळगड आठवडा आठवडा ढगांतून बाहेर येत नाही, आणि ढग सरले तरी कळंबोली-तळोज्याच्या दिव्यांनी पनवेलची रात्र भुरकट झालेली असते. पण या मुलींचं आकाश हवाई बेटांवरून यायचं. तिथे हालेआकाला नावाच्या तीन हजार मीटर उंच डोंगरावर पॅन-स्टार्स ही दुर्बीण आहे. तिने टिपलेली चित्रं जगभरच्या शाळांना एका मोहिमेतून मिळतात. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन हे तिचं नाव, आणि अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठातून ती चालते. आपल्याकडच्या कित्येक शाळा तिच्यात भाग घेतात.

काम ऐकायला सोपं, करायला चिकाटीचं. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं, काही काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली. ती एकामागून एक भराभर फिरवायची. तारे जागचे हलत नाहीत. कॅमेऱ्याचे खोटे ठिपके कुठेही उगवतात, कुठेही मावळतात. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातून सूर्याभोवती फिरणारा धोंडा मात्र चारही चित्रांत एका रेषेत, सारख्या पावलांनी सरकतो. तो सरकताना दिसला पाहिजे, इतकंच.

मुलीला तो एका रात्री साडेनऊच्या सुमारास दिसला. अगदी फिका, आजूबाजूच्या करड्या दाण्यांत मिसळलेला. पहिल्या चित्रात होता, दुसऱ्यात थोडा डावीकडे, तिसऱ्यात आणखी डावीकडे. चौथ्यात नाहीच. मैत्रीण म्हणाली, "सोड गं, खोटा असेल." हिने सोडला नाही. पहिल्या तीन जागा कागदावर मांडल्या, पट्टीने रेघ ओढली आणि चौथी जागा कुठे यायला हवी ते काढलं. नेमका तिथे एक ठळक तारा होता. चित्र मोठं करून पाहिलं, तर ताऱ्याच्या झगझगाटाला एका बाजूने जरासा फुगवटा आलेला. ठिपका हरवला नव्हता, ताऱ्याच्या उजेडात शिरला होता.

मोजमाप करून अहवाल गेला. काही आठवड्यांनी उत्तर आलं: प्राथमिक शोध म्हणून नोंद घेतली आहे, पुढच्या निरीक्षणांची वाट पाहावी.

उत्तराचा दुसरा भाग कोणी नीट वाचला नाही. दुपारपर्यंत बातमी आळीभर झाली, संध्याकाळपर्यंत वडिलांनी उरण नाक्यावर फ्लेक्स लावायचं ठरवलं. छपाईवाल्या मुलाने फोनवर विचारलं, "काका, ग्रहाचं नाव काय टाकू?"

झालं, घरात नावांचा पाऊस पडला. वडील म्हणाले, दुकानाचं नाव द्यायचं. या दुकानाने घर उभं केलं. मामा म्हणाला, साहेबांचं नाव द्या, उद्या काही अडलं तर शब्द टाकता येईल. धाकट्या भावाला मोती कुत्र्याचं नाव हवं होतं. आई म्हणाली, "एवढं कशाला? हिने शोधला, हिचंच नाव द्या." मुलीने सगळी नावं वहीत उतरवली. आईचं म्हणणं तिला मनातून पटलं होतं. तिने ते सगळ्यांत वर लिहिलं आणि वही घेऊन ती गुरुजींकडे गेली.

गुरुजी आळीच्या टोकाला राहतात. गणित शिकवून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांनाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी यादी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"ही नावं मंजूर कोण करणार, माहीत आहे का?"

"नाही, गुरुजी."

"आंतरराष्ट्रीय खगोल संघाची एक समिती आहे. तिचे नियम आहेत. दुकानाचं नाव चालायचं नाही, धंद्याच्या जाहिरातीला तिथे जागा नाही. राजकारणातल्या किंवा लष्करातल्या माणसाचं नाव द्यायचं, तर त्याला जाऊन शंभर वर्षं व्हावी लागतात. आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांचं सुचवता येईल. ते १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेले. आजच्या पुढाऱ्याचं नाही. पाळलेल्या जनावरांची नावं देऊ नका, असंही ते सांगतात. नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत बसलं पाहिजे."

"आणि माझं?"

"शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा रिवाज आहे."

मुलगी हिरमुसली. पण ती वाचणारी होती. "धूमकेतूंना मग कसं देतात?" तिने विचारलं.

"धूमकेतूंची रीत वेगळी. १९४९ साली वेणू बाप्पू हार्वर्डला शिकत असताना त्यांना धूमकेतू दिसला. त्यावर त्यांचं नाव लागलं, बॉक आणि न्यूकर्क यांच्या नावांबरोबर. लघुग्रहाचं तसं नाही. बाप्पूंच्या नावाचा लघुग्रहही आहे, क्रमांक २५९६. पण तो सापडला चिलीतल्या वेधशाळेत, आणि नाव इतरांनी दिलं." गुरुजींनी वही बंद केली. "शिवाय तुझ्या ठिपक्याला अजून क्रमांकच नाही. कक्षा पक्की झाल्याशिवाय क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय नाव नाही. त्याला पाच-सहा वर्षं लागतात, कधी दहा."

दहा वर्षं म्हणजे नववीतल्या मुलीला जवळजवळ जन्मच. तिचा चेहरा पाहून गुरुजींनी तिला पंडित जसराजांच्या लघुग्रहाची हकिगत सांगितली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या कॅटालिना सर्वेक्षणाला पट्ट्यात एक लघुग्रह सापडला. त्याचं तात्पुरतं नाव २००६ व्हीपी३२. हे अक्षरांचं कोडं मुलीने तिथेच बसून सोडवलं. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा; पी हे अक्षर आणि ३२ हा आकडा मिळून त्या पंधरवड्यातली ८१५वी नोंद. म्हणजे अकरा तारखेला सापडलेला तो एकटा नव्हता, शेकडोंच्या रांगेतला एक होता. पुढे वर्षानुवर्षं त्याच्यावर नजर राहिली, कक्षा ठरली आणि क्रमांक मिळाला ३००१२८. जसराजांचा जन्म २८ जानेवारी १९३०चा. वर्ष, महिना, दिवस असं लिहिलं की तोच आकडा होतो. सप्टेंबर २०१९मध्ये त्याला 'पंडितजसराज' हे नाव जाहीर झालं. सापडल्यापासून तेरा वर्षांनी! मेवाती घराण्याचा हा गवई पुढे मुंबईत स्थायिक झाला, व्ही. शांताराम यांचा जावई. त्याने आकाशाकडे काही मागितलं नव्हतं.

मुलीला हिशेब कळला. वडिलांना तो पटला नाही. त्यांनी फ्लेक्स थांबवला, पण मनातला सल गेला नाही. पोरीने रात्री जागून शोध लावला आणि तिच्या हातात काहीच नाही, हे त्यांना सहन होईना. तिच्या वाढदिवसाला त्यांनी इंटरनेटवरून एक प्रमाणपत्र मागवलं. जाड कागद, सोनेरी कडा, मध्ये मुलीचं नाव आणि खाली आकडे. आकाशातला एक तारा यापुढे या नावाने ओळखला जाईल, असं त्यावर छापलेलं. पैसे बरेच गेले होते. मुलगी नाचतच गुरुजींकडे गेली, मागोमाग वडीलही.

गुरुजींनी कागद हातात घेतला. खोटं बोलणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि बाप-लेकीचा आनंद मोडणंही त्यांच्या जिवावर आलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "हा कागद ज्यांनी विकला, त्यांच्या वहीबाहेर हे नाव कुठेही नाही. खगोल संघ नावं विकत नाही. ताऱ्याचंही नाही, लघुग्रहाचंही नाही. लघुग्रहाच्या नावाला एक पैसा पडत नाही."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, मला पोरीसाठी काहीतरी करायचं होतं."

"ठाऊक आहे. बस."

आणि गुरुजींनी दोघांना बसवून दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली पियाझीची. १ जानेवारी १८०१. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात ज्युझेप्पे पियाझी या पाद्र्याला, ताऱ्यांची यादी करता करता, एक ठिपका रोज थोडा सरकताना दिसला. माणसाला सापडलेला हा पहिला लघुग्रह. काही आठवडे त्याने पाहिला, मग तो आजारी पडला आणि ठिपका सूर्याच्या उजेडामागे गेला, हरवला. चोवीस वर्षांच्या गाउसने त्या थोड्या नोंदींवरून त्याची वाट गणिताने काढली, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, फॉन झाख यांना तो पुन्हा दिसला. पियाझीने नाव दिलं होतं 'सेरेस फर्डिनांडेआ'. सेरेस ही सिसिलीची धान्यदेवता, फर्डिनांड हा तिथला राजा. देवी सगळ्यांनी ठेवली, राजा कोणी ठेवला नाही. त्याच्या वीस वर्षं आधी हर्शेलनेही नव्या ग्रहाला इंग्लंडच्या राजा जॉर्जचं नाव दिलं होतं. तो ग्रह आज युरेनस म्हणून पाठ्यपुस्तकात आहे. मामाच्या साहेबांचं उत्तर या दोन राजांनी आधीच देऊन ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट आयसिसची. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत नॉर्मन पॉगसन नावाचा तरुण मदतनीस होता. मे १८५६मध्ये त्याला एक लघुग्रह सापडला, क्रमाने बेचाळिसावा. त्याचं नाव ठेवलं वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनी: आयसिस. पॉगसनच्या घरी तेव्हा साडेतीन वर्षांची मुलगी होती, एलिझाबेथ आयसिस. नाव तिच्यावरूनच ठेवलं, असं मानतात. पुढे पॉगसन मद्रास वेधशाळेत आला. १७ एप्रिल १८६१ रोजी त्याने तिथून जो लघुग्रह शोधला, तो आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचं नाव आशिया. त्याला पगार देणाऱ्या सरकारचं नाव नाही, राणीचं नाही. ज्या भूमीवर उभं राहून पाहिलं, तिचं. मद्रासहून त्याने आणखीही शोधले, शेवटचा १८८५मध्ये. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं भारतातून लघुग्रह सापडला नाही. १९८८मध्ये कावलूरच्या वेधशाळेत राजमोहन यांनी तो खंड मोडला, आणि त्या लघुग्रहाला नाव मिळालं रामानुजन.

पण आपण आयसिसकडे येऊ. ती मद्रासला वाढली. १८७३पासून वडिलांच्या हाताखाली वेधशाळेत गणनेचं काम करू लागली. रात्रीच्या नोंदी दिवसा आकड्यांत बसवायच्या, चुका शोधायच्या, तक्ते करायचे. पगार होता घरच्या स्वयंपाक्याइतका. आकाशात आपल्या नावाचा धोंडा फिरतो म्हणून तिला कोणी सवलत दिली नाही, आणि तिने ती मागितलीही नाही. पंचवीस वर्षं ती हेच करत राहिली, शिवाय १८८१पासून मद्रास सरकारसाठी हवामानाचं काम पाहिलं. १८८६मध्ये वडिलांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी तिचं नाव सुचवलं. सनदेत सदस्याचा उल्लेख पुरुष म्हणून आहे, या कारणाने तो अर्ज मागे घ्यावा लागला. सदस्यत्व तिला मिळालं १९२०मध्ये, वयाच्या सदुसष्ट-अडुसष्टाव्या वर्षी. लहानपणी मिळालेलं नाव तिने म्हातारपणापर्यंत फेडलं.

मुलगी ऐकत होती. वडील कागदाच्या सोनेरी कडेवरून बोट फिरवत होते.

"नाव द्यायचंच आहे ना तुला?" गुरुजी वडिलांना म्हणाले. "मग समिती जे मागते ते कर. नावाबरोबर चार ओळी द्याव्या लागतात. हे नाव कोणाचं, त्याने काय केलं, आकाशात का लावायचं. सगळ्यांनी चार-चार ओळी लिहून आणा. ज्याच्या ओळी उभ्या राहतील, त्याचं नाव."

हे काम वाटतं तितकं सोपं निघालं नाही. मामाने साहेबांबद्दल लिहायला घेतलं आणि फ्लेक्सवरच्या विशेषणांपुढे त्याला काही सुचेना. तो दुसऱ्या दिवशी विषय विसरला. आईने मुलीबद्दल लिहिलं: नववीत आहे, हुशार आहे. पुढे काय? मुलगी स्वतःच म्हणाली, "आई, मी अजून काही केलेलंच नाही." धाकट्याने मोतीवर मात्र पानभर लिहिलं, आणि गुरुजींनी ते मन लावून वाचून त्याला शाबासकी दिली.

वडील रात्री दुकान बंद करून गल्ल्यावर बसले. बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी दुकानाचं नाव लिहिलं. दुकान कोणी काढलं? आजोबांनी नाही, वडिलांनीही नाही. ते तर लवकर गेले. दुकानाची पागडी भरली होती त्यांच्या आईने. तिचं नाव दुकानाच्या पाटीवर नव्हतं, कागदपत्रांत होता तो अंगठा.

मग त्यांनी खोडलं आणि आईबद्दल लिहायला घेतलं. ती नेऱ्याकडच्या गावातून पनवेलच्या बाजारात कडवे वाल घेऊन यायची. डोक्यावर टोपली, पायी. घड्याळ घरात नव्हतं. माघ महिन्यात तिकांडं मावळतीला कललं, की उठायची वेळ झाली. लहानपणी तिच्या मागून चालताना त्यांनी तिला विचारलं होतं, आई, ते तिघं तारे कुठे चाललेत? ती म्हणाली होती, ते त्यांच्या कामाला, आपण आपल्या. हे त्यांना चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. आकाशाकडे बघून वेळ सांगणारी या घरातली पहिली बाई तीच होती, आणि तिच्या नातीला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

चार ओळी जमायला बिलबुकाची बरीच पानं गेली. सकाळी त्यांनी त्या मुलीला वाचायला दिल्या. ती वाचून उठली आणि शाळेच्या दप्तरातून वही काढली. सगळ्यांत वर लिहिलेलं स्वतःचं नाव तिने खोडलं आणि आजीचं लिहिलं. मग अक्षरं मोजली. सोळाच्या आत बसत होती.

गुरुजींनी ओळी वाचल्या. एक शब्द बदलला, दुसरा काही नाही. "क्रमांक मिळाला की इंग्रजीत करून पाठवायच्या," ते म्हणाले. "तोवर जपून ठेवा. आणि पोरी, तू पुढची चित्रं बघ. एका ठिपक्यावर बसून राहायचं नाही."

मुलगी आता अकरावीत आहे. त्या ठिपक्याला अजून क्रमांक मिळालेला नाही; मिळेलच, असंही नाही. कक्षा जुळवताना तो आधीच कोणाला सापडलेला निघू शकतो. दरम्यान तिच्या गटाने आणखी ठिपके कळवले. त्यांतले काही खोटे निघाले, काही जुने, काहींची नोंद झाली. बिलबुकाचं ते पान गल्ल्यात आहे. दुकानाच्या पाटीवर वडिलांनी खाली एक ओळ रंगवून घेतली आहे: आईचं नाव आणि तिने दुकान सुरू केलं ते साल. त्यासाठी कोणत्याही समितीची परवानगी लागली नाही.

आजवर आठ लाखांहून अधिक लघुग्रहांना क्रमांक मिळाले आहेत, नावं आहेत ती जेमतेम पंचवीस हजारांना. उरलेले सगळे नुसत्या आकड्यांनी ओळखले जातात, आणि न सापडलेले कितीतरी आहेत. मुलींनी भाग घेतला त्या मोहिमेला शुल्क नाही. एक कॉम्प्युटर, इंटरनेट, चार-पाच मुलं आणि त्यांच्याबरोबर बसणारा एक शिक्षक एवढं पुरतं. पनवेल, उरण, पेण, कर्जतच्या शाळांमधून कॉम्प्युटरची खोली बहुतेक ठिकाणी आहे. मुख्याध्यापकांनी येत्या सत्रात एक गट नोंदवावा, आणि शाळा सुटल्यावर त्या खोलीची किल्ली मुलांच्या हाती द्यावी.